हरिबातात्यांचा दांडा

कोंडीबाआण्णा दुकानाची पायरी चढू लागले की मी त्यांच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघतो. हातात पोत्याच्या फडक्यात गुंडाळलेलं कुऱ्हाडीचं पातं असतं आणि त्यातून मोडक्या दांड्याचं थोटूक बाहेर आलेलं असतं. वर्षातून एकदा तरी हे होतंच. दसऱ्याला लोक हत्यारांची पूजा करतात, आण्णा दर वर्षी येऊन माझी पूजा बांधतात.

"जोतिबा, मोडला रं."

"दिसतंय की, आण्णा."

"आमच्या तात्याच्या दांड्यासारखा येक दांडा कर की रं गड्या. येकच कर. पुन्यांदा न्हाई येनार तुझ्या दारात."

हे वाक्य मी एकोणीस वर्षं ऐकतोय. सुरुवातीला ऐकून घ्यायचो, मग हसण्यावारी न्यायला लागलो, आता अंगाचा तिळपापड होतो. म्हसवडकडून साताऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या गावच्या स्टँडसमोर माझं दुकान आहे. बोर्डावर 'मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, टीव्ही युनिट' असं लिहिलंय, त्यात कुऱ्हाडीच्या दांड्याचं नावही नाही. पण गावात सुताराचं घर एकच, त्यामुळे दांडा बसवायचा म्हटलं की सगळे माझ्याकडेच येतात. नाही म्हणता येत नाही. मग प्लायवूडच्या शीटा बाजूला सारायच्या, हाताला लागेल ती सुबाभळीची नाहीतर निलगिरीची काठी उचलायची, रंधा मारायचा, पातं चढवायचं, पाचर ठोकायची आणि अर्ध्या तासात माणसाला वाटेला लावायचं. एवढं करून वर ऐकायचं काय, तर तात्यांच्या दांड्याची सर नाही.

तात्या म्हणजे आण्णांचे वडील, हरिबातात्या. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. त्यांना दोन मुलगे. थोरले कोंडीबाआण्णा शेतात, धाकटा आकाराम फौजेत. आकाराम नाईक म्हणून रिटायर होऊन आला, पण आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. सगळा गाव त्याला मेजर म्हणतो आणि आता तोही स्वतःला मेजरच समजतो.

तात्या गेल्यावर वर्षभरात वाटणी झाली. जमिनीचे तुकडे पडले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, म्हशी आणि भांडीकुंडीही तंटा न होता इकडे तिकडे गेली. गाडं अडलं ते कुऱ्हाडीपाशी. लाकडं फोडायची तात्यांची जाड पात्याची कुऱ्हाड, तिला धामणीच्या लाकडाचा दांडा. तात्यांनी तो स्वतःच्या हातानं केलेला. 'ह्यो दांडा माझ्या पोरांस्नी पुरून उरंल' असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. दोघंही भाऊ म्हणाले, बाकी काय हवं ते घ्या, कुऱ्हाड मला पाहिजे. सकाळपासून बसलेले पंच दुपारी तीन वाजता उपाशीपोटी कावले होते. त्यातला एक म्हातारा वैतागून म्हणाला, "मग असं करा, पातं येकाला द्या न् दांडा येकाला!"

तो चेष्टेनं बोलला होता. पण त्याला हसायला सवड मिळायच्या आत आण्णा म्हणाले, "पातं माझं," आणि आकाराम म्हणाला, "दांडा माझा." झालं. पंचांनी तसं कागदावर लिहिलं आणि जेवायला पळाले. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' म्हणून गावानं महिनाभर तोंडसुख घेतलं. पात्यातून दांडा काढायला मलाच बोलावणं आलं. मी तो दोघांच्या देखत ठोकून काढला आणि एकेकाच्या हातात एकेक दिला. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद.

आकारामनं तो दांडा घरी नेऊन वर्दीतल्या स्वतःच्या फोटोखाली दोन खिळ्यांवर टांगला. दिवाळीला उतरवतो, तेल लावतो, परत टांगतो. इकडे आण्णांच्या घरी अंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं, त्यामुळे पात्याला रोज काम. दांडे मोडतात आणि शिव्या मला. भिंतीवर टांगलेला दांडा मोडणार कसा, हा विचार गावातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात येत नाही.

आता खरं सांगतो. तो दांडा तात्यांनी केलेला नाही. मी केलाय.

सव्वीस वर्षांपूर्वी माझे वडील गेले आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं. दुकान कसलं, चिंचेखाली चार पत्रे. एका सकाळी तात्या घोंगड्यात काहीतरी लपवून घेऊन आले. उघडून बघतो तर त्यांचा तो प्रसिद्ध दांडा पात्याच्या खाली उभा चिरलेला. लाकडाऐवजी धोंड्यावर घाव बसला होता. सोबत धामणीची एक फांदी होती, दोन वर्षं माळ्यावर वाळवलेली.

"नवा करून दे," तात्या म्हणाले. "पर पोरांस्नी कळता कामा नये. हसत्याल मला."

दिवसभर ते माझ्याजवळून हलले नाहीत. मी वाकसानं तासत होतो आणि ते घावागणिक सूचना देत होते. शिरेला धरून जा, मुठीपाशी जाड ठेव, हितं जरा पोट दे. तीनदा मला वाटलं की हा म्हातारा आता उठून जाईल तर बरं. शेवटी काचेच्या तुकड्यानं गुळगुळीत करून मी दांडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यापाशी धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघितलं, दोन्ही हातांनी धरून हवेत एक घाव घातला आणि म्हणाले, "बेस." मग त्याला तेल आणि राख चोळून जुना केला, मला सिद्धनाथाची शपथ घातली आणि घोंगड्यात गुंडाळून घेऊन गेले. पुढं मरेपर्यंत सहा वर्षं त्यांनी त्याच दांड्यानं लाकडं फोडली.

वाटणीच्या दिवशी मला बोलता आलं असतं. शपथ होती, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे मला मनातून बरं वाटत होतं. दोन सख्खे भाऊ बागायती जमीन सोडून माझ्या दांड्यासाठी हमरीतुमरीवर आले होते. सुताराच्या वाट्याला असं कौतुक कुठं येतं? पुढं मात्र ते कौतुक माझ्याच बोकांडी बसलं. माझ्याच दांड्याचं नाव घेऊन मला नावं ठेवायची आणि मी ती मुकाट ऐकायची, असं सुरू झालं. 'जोतिबा, तो दांडा तू केलास, लय बेस केलास' एवढं एकदा कुणीतरी म्हणावं, याखेरीज मला काही नको होतं. पण म्हणणार कोण? ज्याला माहीत होतं तो तर गेला होता.

या वैशाखात मेजरच्या मुलाचं, शंभूराजचं लग्न निघालं. लग्न साताऱ्याच्या एसी हॉलमध्ये, जेवण केटररचं, नवरी कंपनीत नोकरीला. पण देवक ते देवकच. आमच्याकडे लग्नाच्या आधी घरातल्या थोरल्यानं खांद्यावर कुऱ्हाड घ्यायची, दांड्याला तळलेली पुरी बांधायची, वाजतगाजत मारुतीला जायचं आणि पाच झाडांच्या डहाळ्या तोडून आणायच्या. मेजरच्या थोरल्या मुलीच्या लग्नात बाजारातली नवी कुऱ्हाड चालवून घेतली होती. ते त्याच्या बायकोच्या, शालूबाईंच्या, मनाला अजून टोचत होतं. या खेपेला त्यांनी नवऱ्याला बजावलं की देवकाला घरची कुऱ्हाड पाहिजे म्हणजे पाहिजे.

मेजर फौजी कांबळ्यात दांडा गुंडाळून माझ्याकडे आला.

"जोतिबा, येक काम कर. पातं त्येच्याकडनं मागून घे. येका दिवसापुरतं. टेंपरवारी बसव, देवक झालं की खोल, ज्येचं त्येला परत. फिनिश."

'त्येच्याकडनं' म्हणजे सख्ख्या थोरल्या भावाकडून. गंमत अशी की आण्णांचं पातं दोनच दिवसांपूर्वी मोडक्या थोटकासकट माझ्याकडे आलं होतं आणि सनमायकाच्या कॅटलॉगखाली पडलं होतं. मी मेजरला तसं काही बोललो नाही. विचारून सांगतो म्हणालो आणि दांडा ठेवून घेतला.

आण्णांना विचारलं तर त्यांचं वेगळंच. "देतो की. पर थोरला मी हाय. कुऱ्हाड माझ्याच खांद्यावर पायजे. आन् येकदा दांडा बसला की बसला. पुन्यांदा काढायचा न्हाई."

हे मेजरला सांगितलं तर तो म्हणाला, खांद्यावर घेऊ दे, पण दांडा परत भिंतीवर आला पाहिजे. ते आण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, मग बाजारातनं घे म्हणावं कुऱ्हाड. तीन दिवस मी दोन घरांच्या मधे हेलपाटे घातले. दोन घरांच्या मधे अंतर किती, तर एक भिंत. दोन्हीकडच्या दारांच्या चौकटीही मीच ठोकलेल्या.

चौथ्या दिवशी दोघं एकाच वेळी दुकानात उगवले. बाकावर पातं आणि दांडा शेजारी शेजारी ठेवले होते. एक भाऊ इकडे उभा, एक तिकडे, मधे मी.

मेजर मला म्हणाला, "जोतिबा, सांग तुझ्या गिऱ्हाइकाला. दांडा माझ्या बापाची निशानी हाय. मी संभाळला म्हनून ऱ्हायला. ह्येच्याकडं असता तर कवाच चुलीत गेला असता."

आण्णा मला म्हणाले, "जोतिबा, सांग त्या मेजराला. दांडा काय भितीला टांगाय असतोय व्हय? तात्यानं वापरला, मी वापरला असता. त्यो दांडा असता तर ह्या सुताराचे बोगस दांडे वापरून माझ्या हाताची सालटी निघाली नसती."

"त्ये मातूर खरं हाय," मेजर म्हणाला. "तात्याच्या हाताची सर ह्येला जल्मात याची न्हाई."

एकोणीस वर्षांत भावांचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही माझी लायकी काढताना. माझं डोकं फिरलं.

"कसली तात्याची सर?" मी ओरडलोच. "आवं, त्यो दांडा तात्याचा न्हाईच मुळी! मी केलाय त्यो, ह्या हातानं. तात्याचा चिरला हुता. घोंगड्यात घालून माझ्याकडं आलं हुतं त्ये. दिसभर हितं बसून करून घेतला आन् मला सिद्धनाथाची शपथ घातली. एकोनीस वर्सं तुमी माझ्या दांड्यापायी मलाच शिव्या घालताय!"

आण्णा खाली मान घालून दांड्याकडे बघत राहिले. मेजरचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला.

"म्हंजी आमचा बाप खोटारडा?"

"असं कुठं म्हनतोय मी?"

"मेलेल्या मानसाच्या नावानं काय पन खपवतोस व्हय रं? आन् शपथ घातली हुती म्हनतोस. मग आता मोडलीस न्हवं? देवाची शपथ मोडनाऱ्यावर कोन इस्वास ठेवंल?"

खरं बोललो म्हणून मी खोटा ठरलो होतो. मी आण्णांकडे बघितलं. निदान त्यांनी तरी काही विचारावं. आण्णांनी मान वर केली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"आकाराम," ते म्हणाले, "चल. ह्येच्या नादाला लागू नगं."

मेजर दचकला. एकोणीस वर्षांनी भावानं त्याला नावानं हाक मारली होती. त्याच्या तोंडून आपोआप गेलं, "व्हय दादा."

मग जे तीन दिवसांत सुटलं नव्हतं ते माझ्यासमोर तीन मिनिटांत सुटलं. कुऱ्हाड दादाच्या खांद्यावर, दादाकडेच राहणार, दिवाळीला आकाराम नेऊन तेल लावणार. "गुपचूप बसव," मेजरनं मला हुकूम सोडला आणि दोघं एका स्कूटरवरून निघून गेले. मागं बसलेल्या आण्णांचा हात मेजरच्या खांद्यावर होता. स्टँडवरची माणसं तोंडात बोट घालून बघत राहिली. भाऊ एक झाले याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

दांडा बसवायला मी दुसऱ्या दिवशी घेतला. भिंतीवर सुकून तो आटला होता आणि पात्याचं भोक माझ्याच पाचरांनी सैल झालं होतं. असा ढिला दांडा लोक पात्यासकट पाण्यात भिजत घालतात. लाकूड फुगतं, एक दिवस घट्ट बसतं आणि वाळलं की आधीपेक्षा ढिलं होतं. तसंच करून द्यावं, असं एकदा मनात आलं. मारुतीसमोर चारचौघांत पातं निसटून पडलं म्हणजे कळेल तात्यांच्या हाताची सर. पण दांडा हातात घेतला आणि ते करवेना. सव्वीस वर्षांपूर्वीचं ते पोट, ती मूठ. माझा मलाच विश्वास बसेना की हे मी केलंय. टोकाला करवतीनं चीर दिली, वाळक्या बाभळीची पाचर तासली, दांडा उभा धरून मागच्या टोकावर हातोडा मारत राहिलो, तसं पातं स्वतःच्या वजनानं चढत चढत जागेवर बसलं. मग पाचर ठोकली. एका किचनच्या ट्रॉल्या त्या दिवशी राहून गेल्या.

देवकाला मी गेलो. हलगी वाजत होती. आण्णांच्या खांद्यावर पुरी बांधलेली कुऱ्हाड, डोक्यावर धरलेल्या कापडाचं एक टोक मेजरच्या हातात. आण्णांनी आंब्याची डहाळी एका घावात उतरवली. पातं तसूभर हललं नाही. माझ्यामागं कुणीतरी म्हणालं, "तात्याच्या हातचा दांडा हाय त्यो. असली कामं आता ऱ्हायली न्हाईत." मी जेवायला न थांबता घरी आलो.

लग्न होऊन आठ दिवस झाले असतील. आण्णा दुकानाची पायरी चढले. मी सवयीनं हाताकडे बघितलं. हात रिकामे होते.

"काय मोडलं न्हाई आज," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. मी चहा सांगितला. चहा आल्यावर ते म्हणाले, "त्या दिशी तू खरं बोललास."

मी रंधा खाली ठेवला.

"मला म्हाईत हाय. सव्वीस वर्सं म्हाईत हाय. तात्याचा चिरलेला दांडा मला सरपनात गावला हुता, खाली दडवलेला. मीच त्यो चुलीत घातला. आन् नवा हातात घेतला तवाच कळलं, ह्ये तात्याचं काम न्हवं. तात्याचा दांडा हाताला टोचायचा. ह्यो हातात बसायचा."

"मग त्या दिशी का बोलला न्हाईसा, आण्णा?"

"आकाराम कितीक वर्सांनी माझ्यासमूर हुबा ऱ्हायलेला. तवा तुझं खरंखोटं करत बसू व्हय?"

"आन् वाटनीला भांडलासा त्ये?"

"आकाराम बापाचा म्हनून भांडला," आण्णा म्हणाले. "मी चांगला हुता म्हनून भांडलो."

हेच ऐकायला मी एवढी वर्षं जीव टाकत होतो. उठून त्यांचे पाय धरावेत असं वाटलं. धरलेही असते, पण आण्णा थांबले नव्हते.

"तवापास्नं दर वर्सी तुला सांगत आलो, तात्याच्या दांड्यासारखा कर. सरळ कसं म्हनू? तुला शपथ आसंल, ह्ये मला ठावं हुतं. म्हनलं, ह्येनंच केलाय, ह्येला कळंल. ह्येला जमतंय त्ये." त्यांनी बशीतला चहा फुंकला. "मग मला असले दांडे का दिलंस, जोतिबा?"

"धामन मिळत न्हाई आता, आण्णा," मी म्हणालो.

"माझ्या बांधावर दोन झाडं हायत की. तात्यानं फांदी तोडली ती त्येंचीच. तू कवा इचारलंस?"

आवाज चढलेला नव्हता. रागही नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. मी खाली बघितलं, तर बाकाखाली सुबाभळीच्या काठ्यांचा ढीग पडला होता आणि त्यावर तात्यांचं नव्हे, माझंच नाव लिहिल्यासारखं दिसत होतं. काहीतरी बोलायला मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा ट्रॉल्या, ऑर्डरी, वेळ असलं काहीबाही जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. लाज वाटत होती, आणि ती त्यांना दिसतही होती.

आण्णांनी चहा संपवला, बशी बाकावर ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"सांग सवडीनं," ते म्हणाले आणि पायरी उतरून गेले.